लस, सत्ता आणि लोकांचा विश्वास

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविड-प्रतिबंधक लसीकरणास प्रारंभ झाला, तेव्हा आशा आणि शंका एकाच घरात नांदत होत्या. टाळेबंदीत हातचा रोजगार गेलेल्या कुटुंबाला लस हीच सुटकेची वाट वाटत होती. आणि त्याच कुटुंबातील वडीलधारी माणसे, इतक्या घाईने सिद्ध झालेली लस निर्धोक असेल कशावरून, असा प्रश्न करीत होती. सुशिक्षितांच्या वर्तुळात या दोन भावनांची वाटणी चटकन करण्यात आली. आशा म्हणजे विज्ञाननिष्ठा आणि शंका म्हणजे अडाणीपणा! ही वाटणी सोयीची होती, परंतु खरी नव्हती. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी दिल्लीतील एका मोठ्या सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी कोव्हॅक्सिनऐवजी कोविशील्ड मिळावी अशी लेखी मागणी केली होती; कारण कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष तोवर हाती आलेले नव्हते. हे डॉक्टर अडाणी होते असे कोण म्हणेल? तेव्हा शंकेचे मूळ अज्ञानात आहे असे गृहीत धरण्यापूर्वी ते अन्यत्र कोठे आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद केली पाहिजे. कोविडच्या लशींनी गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून फार मोठे संरक्षण दिले. त्यांचे दुष्परिणाम नव्हते असे नाही. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या ज्या लशीचे उत्पादन आपल्याकडे कोविशील्ड या नावाने झाले, तिच्यामुळे क्वचित रक्तात गुठळ्या होण्याचा विकार जडतो, हे २०२१ च्या पूर्वार्धातच युरोपात निदर्शनास आले होते. परंतु साथीच्या ऐन भरात लस न घेण्यातील धोका, विशेषतः उतारवयातील माणसांना, त्याहून कितीतरी मोठा होता. लशीचे मोल याप्रमाणे मान्य केल्यावरच खरा प्रश्न उभा राहतो. जी वस्तू जीव वाचविते, ती देणाऱ्या हाताविषयी लोकांच्या मनात भय का असावे?

इतिहासाची साक्ष

या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबई-पुण्यात सापडते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला. रोग्यांना घरातून ओढून नेण्याच्या सरकारी खाक्याने गिरणी कामगार इतके बिथरले, की २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला आणि अधिकाऱ्यांना मोकळे रान मिळाले. पुण्यात रँडच्या अमदानीत गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली, देवघरे आणि माजघरे तुडविली. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गोळीबारात झाला, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

त्याच पुण्यात, त्याच प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तेथेच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहर एकच. एक हात संगिनीचा आणि दुसरा सेवेचा. लोकांनी कोणत्या हातावर विश्वास ठेवला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्लेगची लसही याच काळात मुंबईत जन्मास आली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका अपुऱ्या जागेत ती सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. कैद्याची संमती ही कितपत संमती असते, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकशास्त्राच्या पाठीस लागलेला आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मालकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका येऊन त्यांचे पद गेले. बाटली प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांची निर्दोष मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देऊन या अन्यायाचे काहीसे परिमार्जन झाले. परंतु सत्य बाहेर येण्यास जी वर्षे लागली, त्या वर्षांत भयाने आपले काम करून घेतले होते.

परकीय सत्ता गेली, तरी सक्तीची खोड गेली नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया करण्यात आल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना कोटे ठरवून देण्यात आले. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करण्याचा ‘मान’ महाराष्ट्राने मिळविला. ते पुढे कायद्यात उतरले नाही, एवढेच. २०२१ साली लशीमुळे वंध्यत्व येते अशी अफवा अनेक वस्त्यांत पसरली. अफवा निखालस खोटी होती. पण ती ज्यांनी खरी मानली, त्यांच्या आई-वडिलांच्या पिढीने सरकारी शिबिराचा अनुभव कोणत्या प्रकारे घेतला होता, याचा विचार किती जणांनी केला?

आणि हा सारा जुना इतिहास आहे असेही नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या लशीचा प्रकल्प २००९ साली खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. हे मृत्यू लशीमुळे झाले असे चौकशीत आढळले नाही. परंतु वसतिगृहातील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे मात्र आढळले आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. लस चांगली होती. ती देण्याची रीत वाईट होती. त्याची किंमत मात्र लशीला मोजावी लागली.

बाजारात मांडलेली लस

या पार्श्वभूमीवर २०२१ साली राज्यकर्त्यांनी काय केले? ३ जानेवारी रोजी दोन्ही लशींना मर्यादित वापराची परवानगी जाहीर झाली. कोव्हॅक्सिनच्या बाबतीत ती ‘चाचणीच्या स्वरूपात’ देण्यात आली. म्हणजे लस घेणाऱ्याकडून संमतिपत्र भरून घ्यावयाचे आणि त्याच वेळी ही लस पूर्णपणे सिद्ध आहे असे सांगावयाचे! पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिची परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली. लस उपयुक्त निघाली ही समाधानाची बाब होय. पण पुरावा आधी आणि परवानगी नंतर, हा विज्ञानाचा क्रम उलटा करून विज्ञाननिष्ठेचा उपदेश लोकांना करण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

त्यानंतर दुसरी लाट आली. प्राणवायूसाठी आणि स्मशानातील जागेसाठी रांगा लागल्या आणि कालची शंका एका रात्रीत धावाधावीत पालटली. नेमक्या याच वेळी, १ मे २०२१ पासून, केंद्र शासनाने लशीचा अर्धा साठा स्वतःकडे ठेवून उरलेला राज्ये आणि खाजगी रुग्णालये यांच्यासाठी बाजारात सोडला. तीच कोविशील्ड केंद्रास १५० रुपयांस, राज्यांस प्रथम ४०० आणि मग ३०० रुपयांस, तर खाजगी रुग्णालयांस ६०० रुपयांस. कोव्हॅक्सिनचा खाजगी भाव १२०० रुपये. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या नागरिकांस तर प्रारंभी संगणकावर वा मोबाइलवर नोंदणी केल्यावाचून लसच नव्हती. ज्याच्याकडे चांगला मोबाइल आणि वेगवान जाळे, तो शहरातून उठून खेड्यातील केंद्रावर जागा पटकावीत असे आणि त्या खेड्यातील शेतमजूर पाहत राहत असे. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अविवेकी असल्याचे म्हटले, तेव्हा कोठे ७ जून रोजी ते मागे घेण्याची घोषणा झाली. तरीही खाजगी रुग्णालयांचा चतुर्थांश वाटा कायम राहिला.

टंचाईचा आणखी एक परिणाम झाला. १३ मे रोजी कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. अंतर वाढविल्याने संरक्षण वाढते, यास शास्त्रीय आधार होता. परंतु लसच संपली असताना ही घोषणा झाल्यामुळे लोकांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला आणि तो काढल्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. टंचाईच्याच आश्रयाने मुंबईत बोगस लसीकरण शिबिरे भरली आणि दोन हजारांहून अधिक माणसे त्यांत फसली. पुढे १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलचा प्रवास दोन मात्रा घेतलेल्यांपुरता मर्यादित करण्यात आला. ज्याला लस मिळाली नाही, त्याचा कामावर जाण्याचा मार्गही बंद! २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण अवाजवी ठरविले नाही. मात्र कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा दिला आणि दुष्परिणामांची माहिती जनतेस खुली करण्यास सांगितले. जे शासनाने पहिल्या दिवशी आपण होऊन करावयास हवे होते, ते सोळा महिन्यांनी न्यायालयास सांगावे लागले.

सार्वजनिक क्षेत्राचा विसर

लशीची टंचाई आभाळातून पडली नव्हती. कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था, कुन्नूरची पाश्चर संस्था आणि गिंडीची बीसीजी प्रयोगशाळा या तीन सरकारी संस्था पिढ्यानपिढ्या देशातील मुलांसाठी लशी बनवीत होत्या. उत्पादनपद्धती मानकांनुसार नसल्याचे कारण दाखवून जानेवारी २००८ मध्ये त्यांचे परवाने स्थगित करण्यात आले. त्रुटी होत्या तर त्या दूर करण्यासाठी पैसा द्यावयाचा, की कारखान्यास कुलूप लावावयाचे? २०१० साली परवाने परत मिळाले. दरम्यान बाजारपेठ खाजगी उत्पादकांच्या हाती गेली होती. महासाथ आली तेव्हा कोव्हॅक्सिन बनविण्याची अनुमती मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळास एप्रिल २०२१ मध्ये देण्यात आली. पण लोक रांगेत ताटकळत होते त्या वर्षात तेथून एकही मात्रा बाहेर पडली नाही. प्लेगची लस ज्या परंपरेने जगास दिली, तिच्या वारसास तयारी करण्यासाठी हाती वेळच उरला नव्हता.

वस्तुतः कोव्हॅक्सिनच्या मुळाशी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे जनतेच्या पैशाचे, साहाय्य होते. जनतेच्या वाट्यास मात्र पाच टक्के स्वामित्वशुल्क आले. भारताने दक्षिण आफ्रिकेसह २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेत लशींवरील बौद्धिक स्वामित्वाचे निर्बंध सैल करण्याची मागणी केली, ही अभिमानाची गोष्ट होती. परंतु जिनिव्हात लस ही मानवजातीची संपत्ती आणि मायदेशी ती तीन भावांची वस्तू, ही विसंगती लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

या साऱ्या टीकेचा अर्थ लशीस विरोध असा कोणी करील, तर ती घोडचूक ठरेल. ही चूक समाजवादी म्हणविणाऱ्यांकडूनही घडली आहे. उत्तर प्रदेशातील समाजवादी पक्षाचे नेते अखिलेश यादव यांनी २ जानेवारी २०२१ रोजी ही भाजपची लस असल्याचे सांगून ती न घेण्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये भूमिका बदलली. मधल्या महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली. सत्तेवरील अविश्वास विज्ञानावर उतरविला, की त्याची किंमत नेता मोजीत नाही; त्याचे ऐकणारा गरीब मोजतो.

विश्वास कसा मिळतो, हे पाहावयाचे असेल तर आशा सेविकांकडे पाहावे. मेळघाटात, सातपुड्यात, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दारोदार फिरून, लोकांच्या बोलीत, प्रसंगी शिव्याशाप ऐकून त्यांनी शंकेचे निरसन केले. ज्या बाईने आपले बाळंतपण पाहिले, तिचा शब्द माणसे मानतात. या बायकांना शासन कर्मचारी न मानता ‘स्वयंसेविका’ मानते. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातील आशा सेविकांना संप करावा लागला, तेव्हा मानधनात एक हजाराची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता त्यांच्या पदरी पडला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरवपत्राने चूल पेटत नाही.

पुढची साथ येईल तेव्हा नवी लस याहूनही लवकर सिद्ध होईल. तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर त्याची तयारी साथ नसतानाच व्हावयास हवी. सरकारी लसउत्पादक संस्थांना पुरेसा पैसा आणि स्वायत्तता मिळाली पाहिजे. चाचण्यांचे आणि दुष्परिणामांचे आकडे लोकांच्या भाषेत वेळेवर प्रसिद्ध झाले पाहिजेत. सर्वांच्या रक्षणासाठी लस घेताना ज्याला इजा होईल, त्याचा भार सर्वांनी म्हणजे शासनाने उचलला पाहिजे. लस सर्वांना विनामूल्य आणि एकाच रांगेत मिळाली पाहिजे. आशा सेविकेस वेतन आणि सेवेची शाश्वती मिळाली पाहिजे. या मागण्या घेऊन जो कार्यकर्ता आज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उभा राहील, त्यालाच उद्या वस्तीत जाऊन ‘लस घ्या’ असे सांगण्याचा अधिकार असेल आणि त्याचे म्हणणे लोक ऐकून घेतील.