पेठांचे वरचे मजले पुन्हा नांदते करा



पुण्याचा मध्यभाग ओस पडतो आहे असं म्हटलं की लोक हसतात. ‘अहो, संध्याकाळी तुळशीबागेत शिरून तर दाखवा!’ तुळशीबागेत शिरणं अवघड आहे, मान्य. पण एकदा रात्री साडेनऊनंतर लक्ष्मी रस्त्यावर या. शटरं खाली आली की मान वर करून बघा. एकेका इमारतीत एखाद्या खिडकीत दिवा, बाकी सगळा काळोख. त्या काळोखात माणसं झोपलेली नाहीत. तिथे साड्यांचे गठ्ठे आहेत, खोक्यांच्या थप्प्या आहेत, नाहीतर नुसतंच कुलूप आहे. हे आवाहन त्या वरच्या मजल्यांसाठी आहे.

बाजारपेठ वाचवा, असं पुष्कळजण सांगतात. मॉल आले, घरबसल्या मोबाइलवर खरेदी आली, गिऱ्हाईक खराडी-हिंजवडीकडे अडकलं, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण पेठ म्हणजे फक्त बाजार नव्हता. खाली दुकान, मागे चौक, वर बिऱ्हाडं अशी ती रचना होती. सराफ आणि साड्यांचे मोठे दुकानदार बाहेरच्या गिऱ्हाइकावर तरतील. कोपऱ्यावरचा वाणी, पिठाची गिरणी, रफू करणारा, रात्री दहालाही दार उघडणारे डॉक्टर आणि मराठी शाळेचे वर्ग हे सगळं मात्र वर राहणाऱ्यांवर चालतं. ही माणसं गेली की आधी गिरणी बंद होते, मग शाळेची तुकडी, आणि शेवटी संध्याकाळी रस्त्यावरून जायला बायकांना नको वाटू लागतं.

पेठा एका दिवसात रिकाम्या झाल्या नाहीत, पण पहिला धक्का एका दिवसातच बसला. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा पेठांतली शेकडो घरं गेली. त्या कुटुंबांची सोय नव्या वसाहतींमध्ये झाली आणि ‘पेठेबाहेर राहणं’ ही गोष्ट पुणेकरांच्या अंगवळणी पडली. पुढे पाणी, पार्किंग, लिफ्ट आणि मुलांची लग्नं या कारणांनी कोथरूड, सिंहगड रस्ता, धायरी. गेलेल्यांना कोणी दोष देऊ नये. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून चौकातल्या सामाईक संडासापर्यंत रात्री उतरून जाणं हे हेरिटेज म्हणून मिरवायचं काम नव्हे.

अडचण अशी, की बरेचजण गेले पण सुटले नाहीत. आजही शंभराच्या आत महिना भाडं असलेल्या खोल्या पेठांत आहेत. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळातच चिमूटभर असलेल्या भाड्यावर चार टक्के म्हणजे किती? तेवढ्यात मालक कौलंसुद्धा बदलू शकत नाही. भाडेकरू धायरीला राहायला गेला तरी कुलूप लावून भाडं भरत राहतो, कारण ताबा सोडला तर हक्क गेला. मालक वाट बघतो, कारण वाडा पडला की प्रश्न सुटला. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. त्या वाचल्या तर या दोन्ही वाटा एकाच ढिगाऱ्याशी पोहोचतात हे लक्षात येईल.

शनिवारवाड्याभोवतीच्या रहिवाशांचं दुखणं आणखी वेगळं. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करायला स्मारकांच्या कायद्यात 2010 साली झालेल्या बदलापासून बंदी आहे. घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, पण पडलेलं घर पुन्हा उभं करता येत नाही. पेशव्यांचा वाडा जपायलाच हवा. पण त्याच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनी काय करायचं, याचं उत्तर दिल्लीतून मिळेपर्यंत भिंती थांबणार आहेत का? या प्रश्नावर एकेकट्याने अर्ज करण्यात अर्थ नाही. बाधित मिळकतींची एकच यादी करून सर्वांनी मिळून खासदार-आमदारांपुढे ठेवली पाहिजे. बाकी पेठांतल्या लोकांनीही त्यावर सही करावी, शंभर मीटरच्या आत राहत नसलो तरी.

आता मालक आणि भाडेकरूंना आमची हात जोडून विनंती. नोटीस येण्याची वाट बघू नका. वाडा उभा असतानाच एकत्र बसा. कोण कुठल्या खोलीत, किती चौरस फूट, केव्हापासून, हे मोजून लिहून काढा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. हा एक कागद नसल्यामुळे किती बोलणी फिसकटतात, ते पेठेतला कुठलाही वकील सांगेल. मालकांनी मिळकत पत्रिका काढून बघावी. आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग लागलेली असते, त्यातले दोघे अमेरिकेत आणि एक कुठे आहे कोणालाच माहीत नाही. हे आत्ता निस्तरलं नाही तर पुढच्या पिढीत रांग दुप्पट होईल. आपल्या मिळकती अरुंद आणि लांबोळ्या. एकट्याने बांधायला काढलं तर दोन्ही बाजूंना जागा सोडण्यातच निम्मं घर जातं. शेजारच्या दोन-तीन वाड्यांशी बोलून पाहा. शेजाऱ्याशी गेली तीस वर्षं पन्हळीच्या पाण्यावरून अबोला असेल, तरीही.

ज्यांची जागा स्वतःची, मोकळी आणि राहण्याजोगी आहे, पण ‘एकदा दिली की गेली’ या भीतीने जे कुलूप काढत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं स्पष्ट सांगतो. पागडीचा जुना अनुभव आजच्या लिव्ह अँड लायसन्सला लागू नाही. 1999 च्या कायद्याप्रमाणे, करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तर मुदत संपल्यावर राहण्याची जागा परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागत नाहीत, त्यासाठी वेगळे सक्षम प्राधिकारी आहेत, आणि मुदतीनंतर न हलणाऱ्याला दुप्पट शुल्क पडतं. नोंदणी मात्र कराच. ती मालकाचीच जबाबदारी आहे.

द्यायची कोणाला? इथे आम्हा पेठकरांना जरा आरशात बघायला हवं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत आज कोण राहतं? लातूर, बीड, नांदेड, यवतमाळहून आलेली, एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं-पोरी. एका खोलीत सहा कॉट, भिंतीला नकाशा, दोरीवर ओले टॉवेल, आणि पहाटेपासून अभ्यासिकेत. मेस, चहाच्या टपऱ्या, झेरॉक्स, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं यांच्यावर चालतात. आणि आपण त्यांना ‘कॉट बेसिसवाले’ म्हणून मोकळे होतो. जिना अरुंद, मीटरच्या वायरी लोंबतायत, खाली पुठ्ठ्यांचा माल आणि वर ही मुलं, अशा जागी भाडं घेणाऱ्याने निदान दुसरी वाट मोकळी ठेवावी आणि अग्निशमनाचं साधन बसवावं. यापेक्षा कमी काही मागताच येणार नाही. शिवाय गणेश मंडळांच्या बैठकीला, वॉर्डाच्या सभेला त्यांना बोलवा. तीन-चार वर्षं राहणारा माणूस पाहुणा नसतो. उद्या त्यांच्यातलाच कोणी तहसीलदार होऊन कुठल्या तरी गावची बाजारपेठ सांभाळणार आहे.

व्यापारी बंधूंनो, तुमच्याशी थोडं भांडण आहे. 2021 पासून दर 11 डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत गाड्या बंद ठेवतात. मुलं रस्त्यावर खेळतात, आजी-आजोबा मधोमध खुर्ची टाकून बसतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. आणि 12 तारखेला पुन्हा जैसे थे. धंदा बुडेल ही तुमची भीती समजते. लग्नाचा बस्ता बांधायला दोन गाड्या भरून येणारं कुटुंब चालत येणार नाही. पण त्या गाड्या दुकानासमोर कशाला हव्यात? मंडईलगत मिनर्व्हाचं पार्किंग आहे. दुकानदारांनीच तिथून माणसं आणण्या-नेण्यासाठी एखादी बॅटरीवरची गाडी ठेवली तर? महिन्यातून एक रविवार करून पाहू, विक्रीचे आकडे तुमच्याच वहीतून काढू, आणि तोटा दिसला तर आम्हीच ‘बंद करा’ म्हणून सही देऊ. आणखी एक. दिवसभर खरेदीला आलेली बाई पाणी प्यायला घाबरते, कारण जायला जागा नाही. चार मजली दुकान बांधणाऱ्याला एक स्वच्छ स्वच्छतागृह परवडतं, आणि ते गिऱ्हाइकाशिवाय इतरांसाठीही उघडं ठेवता येतं.

वरचा मजला गोदाम म्हणून वापरणाऱ्यांनी माल गावाबाहेर हलवण्याचा विचार करावा. घाऊक भाजीबाजार मंडईतून गुलटेकडीला गेला तेव्हाही आता मंडई संपली असं म्हणत होते. मंडई उभी आहे. 1886 साली रे मार्केट म्हणून ती उघडली. नगरपालिकेचा पैसा या इमारतीवर न घालता शिक्षणावर घाला, असं जोतीराव फुल्यांचं म्हणणं होतं, आणि आज तिला नाव आहे ते महात्मा फुल्यांचंच! त्यांचा तो प्रश्न मात्र जुना झालेला नाही. सुशोभीकरणाचे दिवे आणि कमानी मंजूर होतात तेव्हा पेठेतल्या ड्रेनेजच्या लाइनचं काय झालं, हे विचारायला आपण जायला हवं.

पेठ सोडून गेलेल्यांना बोलावणं आहे. 29 सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते. वनाजला बसा, जिल्हा न्यायालयाला गाडी बदला, तिथून दुसरं स्टेशन मंडई. गणपतीच्या दहा दिवसांत येताच, पण पेठेला त्याचा उपयोग थोडा. साध्या मंगळवारी या. तांब्याचं भांडं तांबट आळीतून घ्या, टोपली बुरूड आळीतून घ्या, आणि आपल्या जुन्या वाड्याचा जिना चढून कुलूप एकदा उघडा. खोलीत काय उरलंय आणि तिचं काय करायचं, ते शेजाऱ्यांशी बोलून मगच परत जा.

शेवटची गोष्ट कामाची. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवण्याची सोय 2006-07 पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा असतो. आपल्याकडे कसबा-विश्रामबागवाडा आणि भवानी पेठ अशी दोन कार्यालयं आहेत. दरवर्षी त्यात पेठांचे अर्ज मोजकेच पडतात, आणि तेही बहुधा बाकड्यांसाठी. यंदा बाकडी नकोत. बोळांतले दिवे, स्त्रियांची स्वच्छतागृहं, जुन्या ड्रेनेजच्या लाइन आणि अग्निशमनाचं पाणी, एवढंच मागू. प्रत्येक वाड्यातून एक अर्ज जावा. अर्ज भरायला कोणाला मदत लागली तर अभ्यासिकेतल्या पोरांना सांगा, त्यांचा सरकारी अर्ज भरण्यात हात कोणी धरणार नाही.



पेठांतले काही घरमालक, भाडेकरू आणि दुकानदार