एक फाईल सुधारली, दुसरी बिघडली



आमच्या हिंगोलीच्या विहारातर्फे मुलांच्या फीसाठी मदत जाते. वसमतची यादी जुन्या मराठी फॉन्टमधली. ती युनिकोडमध्ये आणायला एका मुलीने नोटपॅड प्लस प्लसमध्ये प्लगिन बसवले. शेजारी कळमनुरीची बँक-यादी उघडीच होती. वसमतची नावे छान झाली, पण कळमनुरीचे आयएफएससी कोड अगम्य देवनागरीत गेले! फीची मुदत दोन दिवसांवर. पोर रडकुंडीला आली.

जुना फॉन्ट म्हणजे आत रोमन अक्षरे, वर मराठीचा मुखवटा. खरे इंग्रजी कोणते, हे प्लगिनला कळत नाही. शिवाय हे तर उघड्या सगळ्याच फायलींवर चालत होते. (मुलीला बोल लावणारेही भेटलेच.)

फाईल बंद केली नव्हती, म्हणून कंट्रोल-झेडने कोड परत आले. मग नक्कल काढून एकेकच फाईल उघडली. शेवटी आम्ही कोड मोजले: प्रत्येकी 11 अक्षरे, पाचवे शून्यच. एक 10 अक्षरांचा निघाला. ती चूक मूळ अर्जातलीच होती. त्या आईला रात्रीच फोन केला.