हुरडा, कॉम्बो आणि वॉरंटी

जानेवारीतला रविवार. ऑफिसमधल्या मित्राचं शेत मंद्रूपला. सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलात की पंचवीसेक किलोमीटरवर. आम्ही पाच जण पुण्याहून खास हुरड्याला गेलेलो. आगटीतून काढलेलं गरमागरम कणीस, तळहातावर चोळून निघालेले हिरवे दाणे, सोबत शेंगाचटणी आणि दही. स्वर्गच! आणि स्वर्ग समोर आल्यावर तो गुपचूप खाऊन घेईल ती आमची पिढी कसली? एका हातात कणीस आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून मी व्हिडिओ काढायला गेलो. कणीस हातात राहिलं. मोबाइल बांधावरच्या दगडावर.

स्क्रीनवर आधी दोन हिरव्या रेघा आल्या, मग सगळा काळोख. फोन आतून जिवंत. रिंग वाजतेय, पण उचलता येत नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायचं ना, असं म्हणाल. बॉस, माझं ई-सिम आहे. स्मार्ट ना मी!

एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण दोन दिवसांपूर्वीच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ती पुण्यात घरी एकटी, शेजारच्या काकू येऊन डोळ्यांत ड्रॉप्स घालणार होत्या. वाजतोय तो फोन तिचाच असला तर? दुसऱ्याच्या फोनवरून लावावा, तर आईचा नंबर पाठ नाही. आमच्या जुन्या लँडलाइनचा आहे, आणि तो बंद होऊन दहा वर्षं झाली. जाम टरकली माझी.

मित्राच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, “चला, स्टँडजवळ एक पोरगं हाय.”

छोटंसं दुकान. एका बाजूला झेरॉक्सचं मशीन, दुसऱ्या बाजूला कव्हरांच्या माळा, मध्ये भिंग लावून बसलेला पंचविशीतला मालक. आधीच्या गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत होता, माझ्याशी मराठीत सुरू झाला. फोन हातात घेतला आणि निकाल दिला, “सायेब, नुसती ग्लास न्हाई, अख्खा कॉम्बो गेलाय.”

मग स्वतःच विचारलं, “वॉरंटीत हाय का?”

“आहे की. अजून पाच महिने.”

“मग सोलापूरला कंपनीच्या सेंटरला जावा. मी उघडला की त्ये लोक पुन्हा हात लावायचे न्हाईत.”

लक्षात घ्या, धंदा समोर चालून आलेला असताना हे त्यानं सांगितलं. पण रविवार, सेंटर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. मी म्हटलं, उघडा.

पुढचा पाऊण तास मी नुसता बघत होतो. गरम प्लेटवर ठेवून गोंद सैल केला. गिटारच्या पिकसारखी प्लॅस्टिकची पातळ चकती कडेकडेनं फिरवत पडदा उचलला. रिबनसारखी केबल अलगद सोडवली. नवा कॉम्बो कंपनीचा नव्हता, ‘कॉपी’ होती, हेही त्यानं आधीच सांगितलं. तीन हजार दोनशे रुपये. फोन सुरू झाल्याबरोबर आईला लावला. ती म्हणाली, “अरे, जेवलास का?”

पैसे दिले आणि निघालो, तर त्यानं थांबवलं. पावतीवर तारीख, मॉडेल, आयएमईआयचे शेवटचे सहा आकडे आणि खाली ‘फक्त डिस्प्ले बदलला’ असं लिहून शिक्का मारला. “ठिवा सायेब. उद्या कोन काय म्हनंल.” मी ती पाकिटात कोंबली आणि विसरलो.

पुढे आम्ही हत्तरसंग कुडलला गेलो, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याचा आशय असा, की हे जो वाचेल तो विजयी होईल. नव्या डिस्प्लेवर मी त्याचे झकास फोटो काढले. अर्थ मात्र मार्चमध्ये डोक्यात शिरला.

मार्चमध्ये मागचा कॅमेरा फोकस करेनासा झाला. पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. टोकन घेतलं, एसीत बसलो. दहा मिनिटांत काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, “सर, थर्ड पार्टी ओपन झालाय. वॉरंटी व्हॉइड. कॅमेऱ्याचे चार हजार सहाशे होतील.”

आता खरा लोच्या इथे आहे. पडून फुटलेला डिस्प्ले वॉरंटीत बसतच नव्हता. कंपनीकडे गेलो असतो तरी पैसे मोजावेच लागले असते. म्हणजे मंद्रूपच्या दुकानदारानं कंपनीचं काही फुकट घेतलं नव्हतं. मग पुढचा डिस्प्ले बदलल्यावर मागचा कॅमेरा बिघडला, तर तो त्याच्यामुळेच, हे कुणी तपासलं? कुणीच नाही. आत दुसऱ्याचा हात लागलाय, एवढं दिसलं आणि खटला संपला.

घरी येऊन वॉरंटीची पुस्तिका वाचली. होय, ते बारीक अक्षर, विकत घेताना तुम्हीआम्ही कुणीच न वाचलेलं. अनधिकृत दुरुस्ती झाल्यास वॉरंटी संपेल, असं त्यात साफ लिहिलेलं. कंपनीची बाजू अगदीच पोकळही नाही बरं का. फोन उघडला की पाणी अडवणारं सील तुटतं. नंतर आत पाणी शिरलं, तर तो भुर्दंड कंपनीनं का सोसावा? पण मुद्दा पाण्याचा नव्हता, कॅमेऱ्याचा होता.

हाच वाद आपल्याकडे गाड्यांच्या बाबतीत होऊन गेलाय. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण त्या आदेशातलं तत्त्व भारी आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच करा. अमेरिकेतही, उघडल्यास वॉरंटी रद्द अशी धमकी देणाऱ्या कंपन्यांना तिथल्या व्यापार आयोगानं २०१८ मध्ये इशारे दिले होते. आपला कारचा आदेश मोबाइलला आपोआप लागू होत नाही, हे खरं. पण प्रश्न विचारायला तो शिकवतो.

तो प्रश्न घेऊन मी परत सेंटरला गेलो. “बाहेरच्या दुरुस्तीमुळे कॅमेऱ्याचं नेमकं काय बिघडलं, ते जॉबशीटवर लिहून द्या.” गोड हसू गायब. मॅनेजर आले. लिहून मिळालं ते एवढंच: ‘थर्ड पार्टी रिपेअर’. कारण नाहीच.

तेवढं पुरेसं होतं. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. सोबत जॉबशीट आणि पाकिटात चुरगळलेली ती मंद्रूपची पावती. हेल्पलाइन निकाल देत नाही, फक्त तक्रार कंपनीपुढे ठेवते. पण सतराव्या दिवशी कंपनीचाच फोन आला. पुन्हा तपासणी केली आणि कॅमेरा फुकट बदलून दिला. कागदावर मात्र लिहिलं, डिस्प्ले वॉरंटीबाहेर. मान्य! कॉपी डिस्प्लेची हमी कंपनीनं का घ्यावी?

मित्र म्हणतात, तुझं नशीब. असेलही. पावती नसती, तर सतराव्या दिवशीचा फोन आला असता की नाही, मला ठाऊक नाही. ज्याला सगळे ‘अनधिकृत’ म्हणत होते, त्या एकट्यानंच केलेलं काम लिहून सही-शिक्क्यानिशी दिलं होतं. अधिकृत सेंटरकडून एक ओळ लिहून घ्यायला मला दोन चकरा पडल्या.

जाता जाता, प्रवासात फोन फुटला तर:

• जवळपास अधिकृत सेंटर आहे का आणि ते थांबण्यासारखं आहे का, आधी बघा. वॉरंटी शाबूत ठेवायचा बिनडोकेदुखीचा मार्ग तोच.

• बाहेर उघडावाच लागला, तर कुठला भाग बदलला ते पावतीवर लिहून घ्या. काढलेला जुना भागही मागून घ्या.

• वॉरंटी नाकारली, तर कारण लेखी मागा. तोंडी ‘व्हॉइड’ला किंमत नाही.

• हेल्पलाइनवर काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं.

• आणि हो, आईचा नंबर पाठ करा. मी केलाय.