सँडर्स असते तर?

२०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षाने हिलरी क्लिंटन यांच्याऐवजी बर्नी सँडर्स यांना उभे केले असते, तर डोनाल्ड ट्रम्प निश्चित पराभूत झाले असते, असे आपले अनेक साथी आजही सांगतात. इच्छा माझीही तीच होती. पण इच्छा म्हणजे अनुमान नव्हे.

साथींचा आधार जनमत-चाचण्यांचा. जून २०१६ मध्ये सँडर्स ट्रम्प यांच्यापेक्षा सरासरी सुमारे १० टक्क्यांनी पुढे होते, हे खरे. परंतु १९८८ च्या जुलैत मायकेल डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे होते; नोव्हेंबरात जॉर्ज बुश यांनी ४० राज्ये जिंकली. प्रतिपक्षाने ज्याच्यावर अद्याप तोफ डागलेली नाही, त्याची लोकप्रियता कसोटीला लागलेली नसते.

शिवाय तेथे निर्णय होतो तो राज्यवार निर्वाचक मतांवर. क्लिंटन २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळवूनही हरल्या. मिशिगन व विस्कॉन्सिन येथील पक्षांतर्गत निवडणुका सँडर्स यांनी जिंकल्या होत्या. ही दोन्ही राज्ये त्यांच्या पदरात टाकली, तरी ट्रम्प यांनी जिंकलेली ३०६ निर्वाचक मते २८० वरच येतात. बहुमताला २७० पुरतात. खरी किल्ली पेनसिल्व्हेनियाची, आणि तेथे सँडर्स स्वपक्षातच हरले होते.

सारांश, विजय शक्य होता, निश्चित नव्हता. पेनसिल्व्हेनियात ट्रम्प यांची आघाडी सुमारे ४४ हजारांची होती. एवढे अंतर कामगारवस्तीत घरोघर फिरणारे कार्यकर्ते तोडू शकतात. ‘असते तर’चे समाधान नव्हे.