प्रतिस्पर्धी टिकला पाहिजे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नटबोल्ट, बेअरिंग किंवा पत्र्याचा व्यापार करणाऱ्या माणसाला समोरचे दुकान बंद झाले तर तोंडदेखले वाईट वाटते. पण तिथली गिऱ्हाइके उद्या आपल्या गल्ल्यापाशी उभी राहतील, हेही त्याला ठाऊक असते. खेळाच्या लीगमध्ये हा हिशेब उलटा पडतो. समोरचा संघच नाहीसा झाला, तर उरलेल्याने खेळायचे कोणाशी? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये ही गोष्ट मुष्टियोद्धा जो लुई याच्या उदाहरणाने मांडली. लुईला चांगली मिळकत हवी असेल, तर मॅक्स श्मेलिंगसारखा तुल्यबळ प्रतिस्पर्धी रिंगणात असलाच पाहिजे. दुबळ्यांना लोळवणारा लुई पाहायला तिकीट काढून कोण येणार?

संगणकावरच्या आभासी हॉकी लीगमध्ये हा प्रश्न फार लवकर उघडा पडतो. तेथे मैदान नसते. खेळाडूच्या वेगाला, बचावाला, गोल करण्याच्या कौशल्याला आकडे दिलेले असतात. संघमालक खेळाडू निवडतो, त्यांची अदलाबदल करतो आणि सामन्याचा निकाल संगणक लावतो. अंबडमधील एखाद्या मोठ्या कुटुंबातल्या आठ चुलत-आते भावंडांनी रात्री दुकान वाढवल्यावर अशी लीग मांडली, असे धरावे. पहिल्या हंगामात सगळेच उत्साही असतात. दुसऱ्या हंगामात एकाच्या ध्यानात येते, की वीस वर्षांचा खेळाडू आज स्वस्त मिळत असला तरी त्याचे आकडे पुढची काही वर्षे चढतच जाणार आहेत. भाव पडलेला असताना माल भरून ठेवण्याची ही तर घरचीच विद्या. तिसऱ्या हंगामात तो जवळजवळ हरतच नाही, आणि सर्वांत धाकटा सलग अकरा सामने गमावल्यावर आपल्या संघाची यादी उघडून पाहणे सोडून देतो. कोणी लबाडी केलेली नसते, एकही नियम मोडलेला नसतो. तरीही महिनाभरात आणखी दोघे गळतात आणि विजेत्याच्या हाती रिकामी लीग उरते. (येथे पैसा लावण्याचा प्रश्नच नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तो नसता तरी घरातल्या घरात पैजा लावणे शहाणपणाचे नव्हतेच.)

यावर पहिला उपाय खर्चाच्या मर्यादेचा. डिसेंबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीग नव्याने सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठही संघांना लिलावासाठी प्रत्येकी ४ कोटी रुपयांचीच थैली होती आणि तेवढ्यात २४ खेळाडू घ्यायचे होते. सूरमा संघाने हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख मोजले. थैलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका खेळाडूवर गेला. राहिलेल्या ३ कोटी २२ लाखांत उरलेले २३ जण, म्हणजे सरासरी १४ लाख. सूरमा तिसरा आला. विजेतेपद मिळवणाऱ्या बंगाल टायगर्सनेही अभिषेकसाठी ७२ लाख दिले होते. मर्यादा मोठा खेळाडू घेण्यास मनाई करत नाही, ती त्याचे मोल बाकीच्या संघाकडून वसूल करते. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत याच मर्यादेवरून मालक आणि खेळाडू यांच्यात असा तंटा पेटला, की २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यानंतरच्या हंगामात प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा पडली.

दुसरा उपाय, नव्या खेळाडूंमध्ये तळाच्या संघाला पहिली निवड. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो १९३६ पासून आहे. दिसायला न्यायाचा, पण त्यात एक खोट आहे. तळाला बक्षीस ठेवले, की तळ गाठण्याचीही चढाओढ लागते. सवलतीसाठी आजारी उद्योगाचा शिक्का जपणारा कारखानदार वसाहतीतल्या लोकांना नवा नाही. १९८४ मध्ये तळाच्या पिट्सबर्ग पेंग्विन्सला मारियो लेम्यूसारखा असामान्य खेळाडू मिळाला, आणि तळाच्या जागेचा मोह किती असू शकतो हे सर्वांना कळले. १९९५ पासून तेथे पहिली निवड सोडतीने ठरू लागली.

अर्थात समतोल साधला म्हणजे लीग तरलीच, असेही नाही. हॉकी इंडिया लीगच्या २०१३ ते २०१७ या पाच हंगामांत पाच वेगवेगळे संघ जिंकले: रांची ऱ्हायनोज, दिल्ली वेव्हरायडर्स, रांची रेज, पंजाब वॉरियर्स आणि कलिंगा लान्सर्स. याहून अधिक बरोबरी कोणती मागावी? मुंबई मॅजिशियन्स पहिल्या हंगामात शेवटचे होते. पुढे त्यांच्या जागी आलेला दबंग मुंबई २०१७ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि कलिंगाकडून ४-१ असा हरला. इतकी रंगत असूनही त्यानंतर लीग सात वर्षे बंद राहिली, आणि ती परतली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. मैदानावरच्या बरोबरीने जमाखर्च आपोआप जुळत नाही.

भावंडांच्या लीगला जमाखर्चाची चिंता नाही, तिला माणसे टिकवायची आहेत. थोरला म्हणेल, मी रात्री जागून आकडे वाचले, त्याची शिक्षा मला का? त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणून आकडे वाचण्याची त्याची कला त्याच्याकडेच राहू द्यावी. साठवलेले खेळाडू मात्र तीन हंगामांनंतर पुन्हा लिलावात यावेत, थैली सर्वांना सारखी असावी आणि पहिली निवड तळाच्या तिघांमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरवावी. चिठ्ठी काढण्याचे काम आजीकडे द्यावे. लीगमध्ये तिचा संघ नाही.