परक्याची भाकरी

मनुष्याची जीभ उदार आहे. मन मात्र तितके उदार नाही. परमुलखातील एखादा पदार्थ रुचला, की जीभ त्याला तत्काळ आपला म्हणते. परंतु तो पदार्थ ज्याच्या घरातून आला, त्या माणसाला आपला म्हणावयास मनाला पिढ्या लागतात. हा विचार आमच्या मनात एका पावाच्या निमित्ताने आला. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तो पाव घरी करून पाहिला. त्याची कृती आणि त्याची कथा ही दोन्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

या पावाचे नाव मुफुलेट्टा. नाव सिसिलीचे, जन्म मात्र अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटावरून हजारो गरीब कुटुंबे पोटासाठी या बंदराच्या शहरी जाऊन राहिली. अशाच एका सिसिलियन गृहस्थाने, साल्व्हातोरे लुपो यांनी, 1906 साली तेथील डेकाटर रस्त्यावर ‘सेंट्रल ग्रोसरी’ हे दुकान काढले. जवळच्या बाजारात भाजीपाला विकणारे त्यांचे देशबांधव दुपारी दुकानात येत. थोडे खारवलेले मांस, थोडे चीज, थोडी ऑलिव्हची कोशिंबीर आणि एक गोल पाव असे निरनिराळे घेत. आणि खोक्यांवर, पिंपांवर बसून, मांडीवरचा तोल सावरीत खात. पाव आडवा चिरून हे सारे त्यातच भरावे, ही युक्ती लुपो यांनी सुचविली, असे त्यांच्या कन्येने पुढे आपल्या पुस्तकात सांगितले आहे. म्हणजे ज्याला आज लोक मोठ्या हौसेने खातात, तो मुळात कष्टकऱ्याचा दुपारचा डबाच होय!

हा पाव घरी करणे अवघड नाही. मात्र त्याला घाई चालत नाही. प्रथम कोशिंबीर करावी, आणि तीही आदल्या दिवशी. एक वाटी हिरवी ऑलिव्ह आणि अर्धी वाटी काळी ऑलिव्ह बिया काढून जाडसर चिरावीत. त्यांत गाजर, फुलकोबी व सेलरी यांचे बारीक तुकडे मिळून अर्धी वाटी, दोन लसूणपाकळ्या ठेचून, चमचाभर ओरेगानो, दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धी वाटी ऑलिव्हचे तेल घालावे. ऑलिव्ह मुळातच खारट असतात. तेव्हा मीठ चाखल्यावाचून घालू नये. हे मिश्रण बरणीत भरून शीतकपाटात एक रात्र ठेवावे. आमच्या मातोश्रींनी बरणीकडे पाहून एवढेच म्हटले, “तें मुरूंक जाय.” न्यू ऑर्लिन्सच्या कोणत्याही सुगरणीने याहून निराळे सांगितले नसते.

पावासाठी तीन वाट्या मैदा, दीड चमचा यीस्ट, चमचाभर साखर, दीड चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि लागेल तसे कोमट पाणी घेऊन पीठ चांगले दहा मिनिटे मळावे. ते फुगून दुप्पट झाले, म्हणजे नऊ-दहा इंच व्यासाचा चपटा गोळा थापावा, पुन्हा फुगू द्यावा, वर पाण्याचा हात फिरवून भरपूर तीळ लावावेत आणि 200 अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत सुमारे अर्धा तास भाजावा. पूर्ण निवाल्यावर आडवा चिरावा. दोन्ही अंगांना कोशिंबीर तेलासकट पसरावी. मधे सलामी, हॅम व मोर्तादेल्ला यांचे पातळ काप आणि प्रोव्होलोने चीज यांचे थर लावावेत. मग पाव कागदात घट्ट गुंडाळून तासभर दडपून ठेवावा, म्हणजे तेल व आंबटपणा पावाच्या अंतरंगात उतरतो. आपल्याकडील उकाड्यात हा तास शीतकपाटातच काढावा. अन्यथा मांस बिघडण्याचे भय असते. शेवटी चार भाग करून चौघांनी खावा. तो गरम खावा की थंड, याविषयी त्या शहरातच दोन पक्ष आहेत. आम्ही थंड पक्षाचे.

आता कोणी विचारील, की हे सर्व जिन्नस येथे न मिळाल्यास काय करावे? आमचे मत असे, की जिन्नस बदलावेत, पण रीत बदलू नये. मोठा पाव भाजणे शक्य नसेल, तर पोदेराकडचे चार उंडे घ्यावेत. मांस वर्ज्य असेल, तर वांग्याचे भाजलेले काप घालावेत. मातोश्रींसाठी आम्ही तसेच केले. मात्र आमचे चोरीस सलामीच्या जागी कच्चेच चिरून घालू नये, ते शिजवावे लागते. परंतु कोशिंबीर मुरू न देता, पाव दडपून न ठेवता, पाच मिनिटांत जे तयार होईल, त्याला मुफुलेट्टा म्हणू नये. ज्या लोकांचा पदार्थ आपण करतो, त्यांनी त्यास दिलेला वेळ आपणही द्यावा, एवढे त्यांचे ऋण आपल्यावर असतेच.

आणि येथेच कथेचा दुसरा, अधिक कटू भाग येतो. लुपो यांचे दुकान निघण्यापूर्वी पंधराच वर्षे, 14 मार्च 1891 रोजी, याच शहरात मोठा जमाव तुरुंगात घुसला आणि त्याने इटालियन वंशाच्या अकरा जणांना ठार मारले. पोलीसप्रमुखाच्या खुनाचा त्यांच्यावर आरोप होता. परंतु त्यांपैकी एकालाही त्या खुनाबद्दल न्यायालयाने दोषी ठरविलेले नव्हते. या कृत्याबद्दल शहराच्या महापौरांनी जाहीर क्षमा मागितली ती 2019 साली! पाव शहराचे भूषण केव्हाच ठरला होता. पाव करणाऱ्यांच्या पूर्वजांविषयी क्षमेचा शब्द उच्चारावयास मात्र एकशे अठ्ठावीस वर्षे लागली.

हे दूरदेशीचे उणे दाखवून आम्हास समाधान मानावयाचे नाही. आम्ही गोमंतकीयही पोटासाठी घर सोडणारेच. मुंबईच्या कुडांत दाटीवाटीने राहून, कोणी जहाजावर, कोणी परक्याच्या स्वयंपाकघरात राबून आमच्या लोकांनी गावाकडे पैसे धाडले. ज्या पावावाचून आमची सकाळ होत नाही, तोही पोर्तुगीजांबरोबर आलेला. ‘पोदेर’ हा शब्ददेखील त्यांचाच. असे असूनही आमच्या वर्गात काय घडले, ते सांगितलेच पाहिजे. बांधकामावर काम करणाऱ्या परप्रांतीय मजुराचा एक मुलगा मधल्या सुटीत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणीत असे. शेजारची मुले नाक मुरडीत, हसत. काही दिवसांनी तो डब्याचे झाकण अर्धेच उघडून, हाताच्या आडोशाने खाऊ लागला. आम्ही ते पाहिले, “गप्प बसा रे!” एवढे म्हटले आणि वह्या तपासावयास घेतल्या. आमचे कर्तव्य तेवढ्याने संपले नव्हते, हे आम्हास तो पाव दडपून ठेवलेल्या तासात उमगले. कारण तीच भाकरी, तीच चटणी एखाद्या उपाहारगृहात सजवून पुढे आली, तर आम्ही सर्वच पैसे मोजून ती खातो आणि वाखाणतो.

सुटीनंतर आम्ही त्याच्या बाकावर जाऊन बसलो आणि भाकरीचा तुकडा मागितला. त्याने प्रथम संशयाने पाहिले. मग अर्धी भाकरी मोडून दिली. तिला ऐसपैस चव होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाकावरील दोघांनी चटणी मागितली. यात आमचा मोठेपणा काही नाही. उशीर मात्र आहे.

विद्यार्थी मित्रहो, परक्याचे पदार्थ अवश्य करा. हौसेने करा, रीतीने करा. परंतु ज्याची भाकरी गोड लागते, त्याच्यासाठी बाकावर जागा करावयास विसरू नका. मुफुलेट्टा एकट्याने खावयाचा नसतोच; त्याचे चार भाग करूनच तो वाटला जातो. चौथा भाग कोणाला द्यावयाचा, हे आता तुम्ही ठरवा.