फटाक्याची खरी किंमत

दिवाळी जवळ आली की फटाक्यांचा वाद नेमाने उभा राहतो. एका पक्षास टीकेत परंपरेवरील आघात दिसतो, तर दुसऱ्यास आतषबाजीत निव्वळ पैशाची राख. या वादात एक व्यावहारिक प्रश्न मात्र मागे पडतो. ज्यांना फटाके उडवावयाचे आहेत, त्यांनी ते कोठे व कसे उडवावेत? धायरीसारख्या उपनगरात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे.

सिंहगड रस्त्यालगतचे धायरी हे मूळचे शेतीचे गाव. रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावे टिकून आहेत. शेते मात्र बव्हंशी इमारतींखाली गेली. २०१७ मध्ये गावाचा उर्वरित भागही पुणे महापालिकेत आला. मोकळ्या रानात उडालेला बाण कोणाचे फारसे बिघडवीत नसे. तोच बाण आज शेजाऱ्याच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतो. खाली वाहनांची दुतर्फा रांग, आणि उरलेल्या चिंचोळ्या वाटेने अग्निशामक बंबाने यावे अशी अपेक्षा! फटाका तोच आहे. भोवतालची जागा बदलली आहे.

खोक्यावर छापलेली किंमत ग्राहक देतो. परंतु ती पुरी किंमत नव्हे. शेजारच्या दमेकऱ्याचा श्वास, तान्ह्या मुलाची झोप आणि वरच्या मजल्यावरील आगीची धास्ती यांचे मोल दुसऱ्यांना मोजावे लागते. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिव्यय म्हणतात. असा बोजा व्यक्तीच्या सद्‌भावनेवर सोडून हलका होत नाही. त्यास नियम लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके उडविण्यास मनाई केली. २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून देताना, फटाके शक्यतो ठरावीक जागी सामुदायिकरीत्या उडवावेत, हा विचारही त्याने मांडला. वेळेची चर्चा पुष्कळ झाली. जागेची सूचना मात्र विस्मरणात गेली.

मुलांच्या हाती दिले जाणारे प्रकार निरुपद्रवी असतात, हाही एक गोड गैरसमज होय. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या २०१६ मधील अभ्यासात, तपासलेल्या फटाक्यांपैकी अतिसूक्ष्म धूलिकणांचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते नागगोळीच्या धुरात. फुलबाजीचे तापमान हजार अंशांच्या घरात जाते, आणि ती विझल्यावरही तार चटका देते. हरित फटाके धूर कमी करतात, पण त्यांचीही आग ती आगच. डिसेंबर २०२३ मध्ये तळवडे येथे वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यास आग लागून अनेक महिला कामगारांचा मृत्यू झाला. केकवरची ती ठिणगीही बारुदाचीच होती.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक गृहरचना संस्थेने सणापूर्वी सभा घेऊन वाहनांपासून दूर अशी एक जागा व वेळ ठरवावी. गॅलरी, जिना व गच्ची येथे फटाके पूर्णतः वर्ज्य असावेत. पाण्याच्या दोन बादल्या, वाळू आणि एक जबाबदार प्रौढ व्यक्ती यांच्याविना वात पेटू नये. भुईनळा लांब उदबत्तीने, त्यावर न वाकता लावावा. फुसका निघालेला फटाका पुन्हा न पेटविता पाण्यात टाकावा. जळक्या फुलबाज्याही बादलीतच जाव्यात. कपडे सुती व अंगासरशी असावेत. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. हळद, शाई, टूथपेस्ट यांचा लेप लावू नये. डोळ्यास इजा झाल्यास तो न चोळता थेट रुग्णालय गाठावे.

यात कोणाच्या आनंदावर घाला नाही. एकत्र जमून, थोडक्या फटाक्यांत साऱ्या इमारतीची दिवाळी साजरी झाली, तर खर्च वाटला जाईल आणि धोकाही आटोक्यात राहील. पाण्याच्या टाकीसाठी व वाहनतळासाठी सभा भरविणाऱ्या संस्थांना वर्षातून एक सभा आगीसाठी भरविणे जड जाऊ नये. आपल्या सणाची किंमत शेजाऱ्याकडून वसूल न करणे, ही नागरी जीवनाची पहिली अट आहे.